नळीपासून पळाले जंतू!

"पळाले! अगं, सगळे पळाले!" मुंगळा किंचाळला.

ठमीनं त्याला बाजूला ढकलून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ही दोघं मावसभावंडं सुट्टीत मावशीच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत रमायची. पण यंदा ठमीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धाकटी बहीण चार दिवस दवाखान्यात, जुलाबांनी पार चिपाड झालेली. वस्तीच्या टाकीचं पाणी इथल्याच तपासणीत स्वच्छ निघालं, म्हणून डॉक्टर भलतंच काही शोधत बसलेले. आणि बंद ठेवलेली टाकी आज चार वाजता पुन्हा सुरू होणार होती!

सकाळी मावशीनं गंमत दाखवली होती. डबक्याच्या थेंबात वळवळणारे जंतू आणि त्यात केसाएवढी काचेची नळी, साखरपाण्यानं भरलेली. ना डोळे, ना नाक, तरी मेले वास लागल्यासारखे नळीच्या तोंडाशी गोळा झाले! आता मुंगळ्यानं नळीत टाकीच्या नमुन्याचं पाणी भरलं, तर तोंडापाशी एकही फिरकेना.

"टाकीत औषध टाकलं असेल."

"शहाणाच आहेस! औषध संपलंय, म्हणून तर तपासणी झाली. नमुन्यासाठी धुतलेली ती रिकामी बाटली दे."

ठमीनं तिच्यात शुद्ध पाणी खळखळवलं आणि तेच नळीत भरलं. जंतू पुन्हा पळाले!

"म्हणजे दोष बाटलीत!"

दोघं बाटल्या धुणाऱ्या काकांकडे धावली.

"काका, बाटल्या कशानं धुता?"

"फिनेलनं! बघ कशा चकचकतात."

"मग साध्या पाण्यानं किती वेळा?"

"एकदा विसळतो की. आंघोळ घालू का त्यांना?"

कामाचा कंटाळा करावा माणसानं, पण किती! उरलेल्या फिनेलनं टाकीतले जंतू बाटलीतच मेले, मग तपासणीत दिसणार काय, कपाळ?

ऐकून मावशीचा चेहरा उतरला. "सही माझी आहे गं त्या कागदावर..." तिनं टाकीवर फोन फिरवला. चाराला दहा मिनिटं कमी होती. टाकी बंदच राहिली.

उकळलेल्या बाटलीतून नवा नमुना आला. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या तबकडीवर ठिपकेच ठिपके! डॉक्टरांनी औषध बदललं.

"या पोरांनी माझी चूक पकडली. वस्ती वाचवली!" दवाखान्यात मावशी ठमीच्या आईला म्हणाली. मुंगळ्याची छाती फुगली.

ठमीनं मात्र काही ऐकलं नाही. ती धाकटीच्या ओठांशी चमचा धरून बसली होती. एक घोट गेला. दुसराही गेला, आणि पोटात राहिला.