पुढच्या सोमवारची सही

आयवॉश तपासायला आलेला फिटर कार्ड वाचता वाचता थांबला आणि हसू दाबत म्हणाला, "मॅडम, पुढच्या सोमवारचंही पाणी सोडून झालं वाटतं?"

प्रयोगशाळेतल्या त्या नव्या साहाय्यकेचे कान शरमेने तापले. कुणाच्या डोळ्यांत अ‍ॅसिड उडालं तर धुवायला ठेवलेला तो फवारा. दर सोमवारी तीन मिनिटं सोडायचा आणि कार्डावर सही करायची, एवढंच काम. पण कामाच्या रगाड्यात तिने महिनाभराच्या सह्या एकदमच उरकल्या होत्या. त्याने खटका दाबला, तर फवारा आधी नुसता खाकरला आणि मग गंजाचं तांबूस पाणी आलं. त्याचं हसू मावळलं.

"हे लिहावं लागेल," तो हळूच म्हणाला.

ती नोकरीत अजून कायम व्हायची होती. तिने गयावया केली, मग चिडली. तो मान खाली घालून लिहीत राहिला. साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं आणि तिचं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. मेल्याचं तोंडही बघायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पण बघावं लागलं, कारण तो दर सोमवारी येऊ लागला. तीन मिनिटं दोघं पाण्याकडे बघत उभी राहायची. पहिले दोन सोमवार अबोल्यातच गेले. तिसऱ्या सोमवारी तो आपणहून बोलला. त्याच्या वडिलांचा एक डोळा कारखान्यात गेला होता... आणि तिथल्या कार्डावरही सगळ्या सह्या होत्या. तिने आपला रुमाल त्याच्या ओल्या हातात दिला. त्यानंतर मात्र तीन मिनिटं फारच थोडी वाटू लागली.

ती कायम झाली त्या दिवशी तिने विचारलं, "नियमावली वाचली मी. फिटरने वर्षातून एकदाच यायचं असतं. मग हे दर सोमवारी कशासाठी?"

"तुमचा राग गेला का... ते बघायला," तो अडखळला. "मग राग गेला, तरी पाय इकडेच वळायचे."

तिने पाणी बंद केलं. "त्या दिवशी तुम्ही लिहिलं नसतं, तर मला लगेच आवडला असतात. पण लग्न करावंसं वाटलं नसतं."

"आणि आता?"

"आता रविवारी घरी या. बाबा खोदून खोदून विचारतील. तुम्हाला खोटं जमत नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय."