कोरी बाटली

इरावती दर पंधरवड्याला बोरीवलीच्या खाडीवर जाई, ती आभाळातून पडलेली धूळ गोळा करायला. गाड्यांच्या, भट्ट्यांच्या, जळत्या कचऱ्याच्या धुरातली विषं हवेतून पाण्यात किती उतरतात, हे शोधणं तिच्या मरोळच्या प्रयोगशाळेचं काम. त्यासाठी धक्क्यावरच्या पंपघराच्या गच्चीत एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं होतं. शिवाय दर खेपेला सोबत एक कोरी बाटली न्यायची. शुद्ध पाण्याची, सीलबंद, वाटेत कधीच न उघडायची. तिच्यात काही सापडलं, तर चूक आपल्या हातची समजायची.

पातेल्याची राखण पंपघराचे वॉचमन गुणाजी करायचे. मूळचे मालवणकडचे, खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, भारी जीव. अहवाल वाचून इरावतीनेच त्यांना सांगितलं होतं, की पाणी बरं आहे, खुशाल खा. लिव्हरच्या दुखण्याने ते गेले, त्याला महिना झाला होता. आता पंपघराची किल्ली त्यांच्या मुलीकडे, अनुपमाकडे होती. तिला सातवा महिना होता. परवाच तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, असं ती त्या दिवशी कुलूप उघडताना बोलता बोलता म्हणाली.

त्या दुपारी परतताना रिक्षात इरावतीला वास आला, जळक्या प्लास्टिकचा आणि चिखलाचा. तिने पिशवी उघडली. पातेल्यातल्या पाण्याची बाटली करडी होती, ते नेहमीचंच. पण कोरी बाटलीही काळवंडली होती. सील शाबूत होतं, आणि आत काजळी वरून खाली संथपणे उतरत होती...

मरोळला पोहोचताच तिने ती शर्मिष्ठापुढे ठेवली. आकडे काढायचं काम शर्मिष्ठाचं. बारा वर्षांची मैत्रीण, एका डब्यात जेवणारी. बाटली बघून ती पांढरीफटक पडली आणि न विचारताच बोलून गेली. खाडीचे आकडे फार वर गेले होते, म्हणून वर्षभर ती त्यांच्या जागी कोऱ्या बाटलीचे आकडे लिहीत आली होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, इरा. पैसे देणाऱ्यांनी प्रकल्प बंद पाडला असता. तुला सांगितलं असतं, तर तू गप्प बसली असतीस का?"

"नसते बसले," इरावती म्हणाली. "म्हणूनच पाणी बरं आहे, हे माझ्या तोंडून वदवून घेतलंस ना?"

मैत्रिणीने केसाने गळा कापला होता. इरावतीला धड रडूही येईना. आकडे शर्मिष्ठाचे असले तरी शब्द तिने दिला होता, आणि त्या शब्दावर एक माणूस वर्षभर जेवला होता. निदान पोरीला तरी वाचवावं म्हणून तिने फोन लावला. तिसऱ्या खाऊ नकोस, आकडे खोटे होते, असं एका दमात सांगून टाकलं.

अनुपमा जराही दचकली नाही.

"माहीत आहे, ताई. बाबा आत्ताच सांगत होते... तुम्हालाही सगळं ठाऊक होतं, म्हणाले."

"मला नव्हतं ठाऊक गं. खरंच."

"मग त्यांनाच सांगा ना... इथेच बसलेत. देते हं."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज इरावतीने स्पष्ट ऐकला.