बांगडी वाढली

केतकीच्या आईनं मार खाता खाता मदत मागितली, तेव्हा यंत्रानं तिचं अभिनंदन केलं.

मदतीचा फोन माणसानं उचलायचे दिवस संपले होते. आता आधारवाणी नावाचं यंत्र ऐकायचं आणि पोलीस पाठवायचे की नाही ते ठरवायचं. न्हाणीघरात कोंडून घेऊन आई एवढंच म्हणाली, "ह्यांनी हात धरला, बांगड्या वाढल्या, मंगळसूत्रही वाढलं." बांगडी फुटली असं सवाष्णीनं म्हणायचं नाही, नवऱ्याला अपशकुन होतो; 'वाढली' म्हणायचं. जो मारतोय त्याच्याच आयुष्याची काळजी! यंत्राला वाटलं, दागिन्यांत भर पडली. पोलीस आलेच नाहीत. आईचा एक कान कायमचा गेला, तेव्हा इस्पितळानं कळवलं आणि बाबांना अटक झाली.

"हे याला शिकवलं कुणी?" केतकीनं डॉ. वागळ्यांना विचारलं. आधारवाणी त्यांनीच बनवली होती.

वागळ्यांनी शांतपणे समजावलं. 'जमली जोडी' हा मोबाइलवरचा खेळ लाखो पोरं खेळतात. दोन अनोळखी खेळाडूंना एकच शब्द दिसतो, दोघांनी त्याचा अर्थ लिहायचा. उत्तर जुळलं की गुण मिळतात आणि ते उत्तर ज्ञानकोठारात, म्हणजे यंत्राच्या माहितीच्या साठ्यात, जातं.

"दोन अनोळखी माणसं एकच खोटं कशाला बोलतील?" ते म्हणाले.

"खोटं नाही बोलत. दोघांनाही माहीत नसतं." केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोठारात हातानं बदल करता येत नाही, असं सांगून त्यांनी तिला खेळून बरोबर अर्थ जुळवायला सुचवलं. तोवर आईनं सरळ 'फुटली' म्हणावं. केतकीनं ते आईला सांगून पाहिलं होतं. आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. उद्या बाबा जामिनावर घरी येणार होते आणि आई त्यांच्यासाठी घर आवरत होती.

वागळ्यांच्या कचेरीबाहेर पायरीवर बसून केतकी खेळत राहिली. शेवटी शब्द आले: बांगडी वाढली. तिनं लिहिलं, फुटली. समोरून उत्तर आलं, नवीन घेतली. पुन्हा तेच शब्द. फुटली. समोरून, जास्त झाली. ती हट्टानं लिहीतच राहिली, तेव्हा पडद्यावर उमटलं: तुमची उत्तरं इतरांशी जुळत नाहीत. तुमचा भरवसा कमी करण्यात आला आहे.

तिनं आत जाऊन ते वागळ्यांना दाखवलं. ते पहिल्यांदाच चाचरले. तोच भरवसा आधारवाणीही बघते, म्हणाले.

"म्हणजे उद्या मी फोन केला तर?"

"तुमच्या एकटीच्या शब्दावर पोलीस निघणार नाहीत. घरातल्या आणखी कुणीतरी तेच सांगावं लागेल."

घरात आणखी फक्त आई होती. ती सांगणार होती, वाढली.