ग्लेनकोरीच्या उमरावाचा लखोटा

"इथे पेन अलाउड नाही," असं रुचाने कबीरला इंग्रजीत बजावलं, तेव्हा त्याच्या तोंडून चक्क "आई गं" निघालं. ती हसली... आणि मराठीतच म्हणाली, "पेन्सिल देते."

कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये वाढलेली रुचा राज्याच्या दप्तरखान्यात जुने कागद दुरुस्त करायची. वाचनकक्षात ती त्या दिवशी केवळ कुणाच्या तरी रजेमुळे बसली होती. कबीर गजभिये मूळ नागपूरचा. त्याची पीएचडी एका विस्मृतीत गेलेल्या स्कॉटिश उमरावावर होती. सर ड्यूगल, ग्लेनकोरी नावाच्या चिमुकल्या जहागिरीचा मालक. सतराशे शेहेचाळीसच्या, राजाविरुद्धच्या बंडात तो हरला, जहागीर गेली, राजाशी इमान राखण्याची शपथ घेतल्यामुळे फाशी टळली, आणि तो इथे, कॅरोलिनात आला. तीस वर्षांनी इथेही ब्रिटिश राजाविरुद्ध बंड पेटलं. शेजारी विचारू लागले, तू कोणाचा? राजाचा की आमचा?

दुसऱ्या दिवसापासून वाचनकक्षात रुचाचं काम वारंवार निघू लागलं. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेरच्या बाकावर बसत. तो ड्यूगलवर चिडायचा. अख्खा हिवाळा या माणसाने कुंपणावर बसून काढला! कंटाळून बायको इसोबेल मुलींना घेऊन बंदरावर गेली, त्याच्या निरोपाची वाट बघत राहिली. हा मात्र राजाच्या बाजूने लढायला गेला आणि कैद झाला. मार्चमध्ये ती जहाजाने मायदेशी परतली ती कायमची.

"बायकोपेक्षा शपथ मोठी वाटली त्याला," कबीर म्हणाला. "माझा थिसिस हाच आहे."

"आणि तुझं काय ठरलं?"

ड्यूगलच्या मायदेशी, एडिनबरात वर्षभराच्या संशोधनासाठी त्याला बोलावणं आलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो बाकावरून उठला, चार पावलं चालला, पुन्हा बसला.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तुझं डिसिजन आहे, यार," ती हलकेच म्हणाली. घरी जाताना स्वतःवरच इतकी वैतागली, की हायवेवरचा वळणाचा रस्ता चुकली.

शुक्रवारी सकाळी ड्यूगलच्या कागदांतलं एक पाकीट तिच्या टेबलावर आलं. ओलीने दोन पत्रं एकमेकांना चिकटली होती. वाफ देत, पातळ पात्याने सोडवत तिने ती अलग केली. त्यातलं एक पत्र म्हणजे घडी घातलेला लखोटा निघाला. वर इसोबेलचं नाव, आणि लाखेची मोहर... अखंड. ते कधी धाडलंच गेलं नव्हतं.

वरिष्ठांची परवानगी घेऊन तिने कबीरसमोर मोहर सोडवली. त्याने ड्यूगलचं पत्र अडखळत वाचलं: आयुष्यभर सगळ्यांनी मला विचारलं, तू कोणाच्या बाजूचा. तुला कुठे राहायचंय, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. आज विचारतो. तू म्हणशील तिथे येईन.

"लिहिलं होतं त्याने," कबीर पुटपुटला. "आणि पाठवलं नाही."

रुचाने हात टेबलाखाली घेतले... मग पुन्हा वर आणले.

"कबीर, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला वाटतं तू जाऊ नयेस. तू मला आवडतोस."

त्याने पत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी सकाळीच एडिनबराला हो कळवलं, रुचा. तू काहीच बोलली नाहीस... मला वाटलं, तुला फरक पडत नाही."

बाहेर ढग गडगडत होते. खोलीत कुणीतरी पानं उलटत होतं. तिला रडू आलं नाही. उलट गेले कित्येक दिवस छातीत धडपडणारं काहीतरी शांत झालं.

"वर्षभरच ना?" ती म्हणाली. "ऑक्टोबरात मला दोन आठवडे सुट्टी आहे. ग्लेनकोरी बघायला येईन. म्हणजे... तू बोलावलंस तर."

"पाऊस थांबत नाही तिथे. थंडीही मरणाची."

"मी हवामान नाही विचारलं."

कबीरने टेबलावरचा तिचा हात हळूच हातात घेतला.

"ये," तो म्हणाला. "आणि नंतर कुठे राहायचं, ते तिथे बसून दोघं ठरवू."