डावखुऱ्या व्हायोलिनचं वय

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. तुल्लिओनं ते मला एकदाच सांगितलं. नंतर तो विषय त्यानं कधीच काढू दिला नाही.

इटलीतलं क्रेमोना. फेब्रुवारीतली संध्याकाळ. नदीवरून आलेल्या धुक्यात समोरचा घंटामनोराही बुडालेला.

तुल्लिओ जुन्या व्हायोलिनांचं वय आणि मोल ठरवून देई. त्याची बायको मिरेल्ला व्हायोलिनं घडवी. गेल्या पानगळीत ती गेली. तिनं स्वतःसाठी घडवलेलं शेवटचं व्हायोलिन, रोगणही न चढलेलं, कोरं, पांढरं, त्यानं तिच्या शवपेटीत ठेवलं होतं.

त्यातून एक सूरही निघाला नव्हता.

दार ढकलून नेवियो आत आला. बाजारात जुन्या वस्तू विकणारा, तोंडाळ माणूस.

"तुल्लिओ, लेका, माझं नशीब उघड! हे विकून मी समुद्रकाठी लोळत पडणार."

"मागच्या वेळचं, जुनं दिसावं म्हणून धुरावर काळं केलेलं निघालं होतं."

"तोंड वाकडं करू नकोस. आधी बघ तरी."

तुल्लिओनं त्याच्या हातातलं व्हायोलिन घेऊन दिव्याखाली धरलं. रोगण मधाच्या रंगाचं. हनुवटी टेकते तिथलं लाकूड उघडं पडलेलं. खोटी झीज भडक असते. ही तशी नव्हती. ही माणसाच्या अंगाची झीज होती... कित्येक वर्षांची.

"दोनशे वर्षं तरी," तो पुटपुटला.

"अरे वा!"

पण झीज उलट्या बाजूला होती.

त्यानं नक्षीदार खाचेतून छोटा आरसा आत सरकवला. आतली आधाराची पट्टीही उलट्या बाजूला... डावखुऱ्यासाठी बसवलेली.

मिरेल्ला डावखुरी होती.

आरसा थोडा पुढे गेला. आणि थांबला.

आत, पानाच्या आकाराचं एक ठिगळ होतं. ते शेवटचं, कोरं व्हायोलिन घडवताना मिरेल्लाची पटाशी निसटून लाकूड चिरलं, तेव्हा असंच ठिगळ त्यानं चिकटवलं होतं. तिरपं बसलं म्हणून तिनं दिवसभर त्याला छळलं होतं. "दुसऱ्यांच्या चुका काढतोस, आणि हे काय? चार दिवसांत निघेल बघ!"

पान तसंच तिरपं होतं.

फक्त... फार जुनं झालं होतं.

"कुणी दिलं हे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"बाजारात एका बाईनं. किंमत विचारली तर नुसती हसली. म्हणाली, तुल्लिओला दाखवा."

"कशी होती?"

"म्हातारी रे. इतकं म्हातारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. आणि जाताना काहीतरी भलतंच बोलली. म्हणे, त्याला सांगा, ठिगळ अजून निघालेलं नाही. कसलं ठिगळ, तुल्लिओ?"

तुल्लिओनं आरसा हळूच बाहेर काढला.

इथे तिच्याविना पहिला हिवाळाही सरला नव्हता. तिथे ती एकटी किती काळ वाजवत बसली होती?

नेवियोनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग किमतीचं नाव न काढता टोपी उचलली आणि हळूच दार ओढून घेतलं.

व्हायोलिन आजही तुल्लिओच्या खिडकीशी टांगलेलं आहे. त्याला कुणी हात लावत नाही.

तरीही हनुवटीपाशी उघडं पडलेलं लाकूड... मी दर खेपेला पाहतो...

थोडं अधिक झिजलेलं असतं.