पुढं बसणाऱ्यानं झोपायचं नाही

तात्या गोष्ट सांगायला बसले तेव्हा शिवतेज नुकताच गाडीत हवा भरून आला होता. रविवार, एकोणीस जानेवारी. जेवणं उरकली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पावट्याच्या शेंगा सोलत होते. सकाळी सहाच्या आत डबा लागतो आणि पावटा काही पहाटे सोलून होत नाही.

लग्नाला तीन महिने झालेत. मलकापूर ते शिरवळ हा रस्ता मी एकदाही पाहिलेला नाही, पण मला पाठ आहे. एकशे दहा किलोमीटर जायचे, एकशे दहा यायचे. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. माझा नवरा शिवतेज सकाळी सहाला शिरवळच्या कंपनीत जातो, रात्री नऊला येतो आणि जेवता जेवता त्याची मान खाली जाते. लग्नाच्या फोटोंत तो पुरता जागा आहे, म्हणून तो अल्बम मी अधूनमधून काढून बघते.

आतापर्यंत गाडीत त्याच्या शेजारी कंपनीतला एक जण असायचा. त्याची बदली झाली. उद्यापासून शिवतेज एकटा जाणार होता.

"एकटाच?" तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, नाथाजी. वीस वर्षं मिलिटरीत ट्रक चालवला. भुताखेताचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"गाणी लावीन की," शिवतेज म्हणाला.

"गाणी." तात्यांनी कानटोपी खाली ओढली. "फारूक बी गाणीच लावायचा."

"कोण फारूक?" हा माझा दीर राजवर्धन. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला बहुतेक सगळं आधीच ठाऊक असतं.

"मोहिद्दीनचा पोरगा. मोहिद्दीन आन् मी एका युनिटात व्हतो. आन् ह्ये ऐकीव न्हाई. फारूकनं सोता सांगितलंय मला. टीव्ही बंद कर त्यो."

राजवर्धननं टीव्ही बंद केला. तात्यांनी पाय वर घेतले, घोंगडी गुडघ्यांवर ओढली आणि सावकाश सुरुवात केली.

फारूक इथलाच, मलकापूरचा. नोकरी शिरवळलाच. कंपनी वेगळी, रस्ता हाच. त्याच्याबरोबर उंब्रजचा बाळासो. गाडी फारूकची, बडबड बाळासोची. रोज लांब जाणाऱ्या गाड्यांत एक नियम असतो, पुढं बसणाऱ्यानं झोपायचं नाही. मागचे घोरले तरी चालतं. पुढच्यानं बोलत राहायचं, शेंगदाणे हातावर ठेवायचे, चालवणाऱ्याचा डोळा जड झाला की ओरडायचं. बाळासो सात वर्षांत एकदाही झोपला नाही. उसाला तोड कधी येणार, सुपरवायझर घरात बायकोला कसा भितो, मेव्हण्यानं बुलेट घेतली आणि ती चालू कशी होत नाही... उंब्रज येईपर्यंत तोंड बंद नाही.

"तर मागच्या सप्टेंबरात एक दिस गेटातच म्हणाला, गड्या, आज जरा पडतो. छाती भरल्यागत झालीया. डब्बल ड्युटी झालीती त्याची. फारूक म्हणला, झोप की. घाट उतरला की उठिवतो."

"आणि?" शिवतेजनं विचारलं.

"उठिवला न्हाई. दमलाय बिचारा, म्हणला, झोपू दे."

सातारा आलं. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर दवाखाने, पाट्यांचे दिवे लागलेले. सातारा मागं पडलं. फारूक गाणी ऐकत होता, मध्येच बाळासोला काहीबाही सांगतही होता, तो झोपलेला असला तरी. सवय. उंब्रजला गाडी थांबवून त्यानं हाक मारली. दुसरी मारली. मग हात लावला...

डॉक्टर म्हणाले, जाऊन सव्वा तास तरी झालाय. म्हणजे घाटात.

पंधरा दिवसांनी फारूक पुन्हा सकाळी सहाला निघायला लागला. दुसरं करणार काय? दहा वर्षं कंत्राटावर काढून कायम झालेला, त्याला आठच महिने झालेले. असा माणूस नोकरी सोडत नाही. शिरवळला खोली घ्यावी तर आई, अख्तरबी, अंथरुणाला खिळलेली. रात्रीचं औषध ती त्याच्याच हातनं घ्यायची. सुनेनं दिलं तर तोंड फिरवायची. सून म्हणजे मिस्बाह. ती म्हणायची, तुम्ही राहा तिकडं, मी बघते यांचं. पण औषधापाशी सगळं अडायचं. म्हणून दिवसाचे दोनशे वीस किलोमीटर.

मी शेंगा सोलत राहिले. ज्या घरात नवी सून असते तिथल्या औषधाच्या बाटल्यांबद्दल मला थोडंफार कळायला लागलं आहे.

"आवाज सुरू झाला ऑक्टोबरात," तात्या म्हणाले.

हल्लीच्या गाड्यांत शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग वाजते. जड पिशवी ठेवली तरी वाजते. एका संध्याकाळी खंबाटकीच्या चढाला तो आवाज सुरू झाला. सीटवर डब्याची पिशवी होती, ती फारूकनं मागं टाकली. आवाज चालूच. सातारा गेलं, नागठाणं गेलं, अतीत गेलं. उंब्रजचा पूल आला आणि बंद.

दुसऱ्या दिवशी तसंच. घाटात सुरू, उंब्रजला बंद.

"सेन्सर," राजवर्धन म्हणाला. "वायर लूज असणार. चढाला हलते."

"गॅरेजवाल्यानं सीट उपसून बघितली. वायर नवी घातली. मग?"

"मग खोटी क्लिप मिळते की. खाचेत घातली की गप्प."

"ती शिवतेजच्या गाडीत हाय. बघितलीया मी." तात्यांनी शिवतेजकडं पाहिलं. शिवतेज सतरंजीची दशी ओढत बसला. "फारूकला त्यो आवाज गप्प करायचाच नव्हता."

पहिले आठ दिवस फारूक घामाघूम व्हायचा. मग सरावला. पुढं पुढं तर त्याला त्या आवाजाची सोबतच वाटायला लागली. झोप येत नसे. तो बोलायला लागला, रिकाम्या सीटशी. आज कँटीनला काय होतं, नवा मॅनेजर कुणाला काय बोलला. उंब्रजला आवाज थांबला की गाडी जरा हळू करायचा, कुणी उतरत असल्यासारखी. घरी सांगितलं नाही. मिस्बाहनं एकदा विचारलं होतं, हल्ली तुम्ही दमलेले दिसत नाही? त्यावर तो नुसता हसला होता.

तात्या थांबले. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी दोनच घोट घेतले.

"बारा डिसेंबर. गुरवार. दत्तजयंती दोन दिसांवर. आवस-बिवस कायबी न्हाई, लख्ख चांदणं."

फारूक त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी शिरवळहून निघाला. अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं. नऊला घर गाठायचं, आईला औषध द्यायचं आणि पडायचं, एवढंच मनात.

घाट लागला. टुंग. टुंग. टुंग.

रोजचाच आवाज. पण त्या दिवशी तो कपाळात खिळा ठोकल्यासारखा लागत होता. भुईंजपर्यंत त्यानं सोसलं. मग गाडी कडेला घेतली, वाकून पलीकडचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणून खाचेत अडकवला.

कट्.

आवाज बंद.

"म्हणजे बांधलाच की त्याला," शिवतेज हळूच म्हणाला.



टोलनाका गेला. सातारा गेलं. नागठाणं, अतीत, काशीळ. उंब्रजचा पूल आला. फारूकनं सवयीनं गाडी हळू केली. पण आवाज आधीच थांबलेला. कुणी उतरलं का नाही, कळायला मार्ग नव्हता. पुलावरचा एक दिवा उघडझाप करत होता. गाडीच्या घड्याळात आठ पस्तीस. तो पुढं निघाला.

पुढं तासवड्याचा टोल लागतो. तो लागला नाही. दोन्ही बाजूंना ऊस लागला. मग पाटी लागली. उंब्रज, दोन किलोमीटर.

ताप, तो मनाशी म्हणाला. तापात माणूस काहीही वाचतो.

पूल आला. दिवा उघडझाप करत होता. आठ पस्तीस.

पूल गेला. ऊस. पाटी. उंब्रज, दोन किलोमीटर.

त्यानं वेग वाढवला. पूल. दिवा. आठ पस्तीस. मागं बघितलं. पुढं बघितलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. ट्रक नाही. एस.टी. नाही. उसाची एक ट्रॉली नाही...

"हायवे हाय त्यो. गळिताचा हंगाम. रात्रीचं नऊ वाजलं न्हाईत. असं व्हईल का कवा?"

 

फारूकनं तेव्हा डावीकडं बघितलं. इतका वेळ बघितलं नव्हतं.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

वीतभर वर होता. ताणलेला. कुणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा.

आणि हलत होता... वर यायचा. खाली जायचा. वर यायचा...

फारूकनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. दार उघडेना. काच उतरेना. त्यानं स्वतःचा पट्टा सोडला, वाकून पलीकडच्या खाचेचं लाल बटण दाबलं. दबेना. अंगठा ठेवून दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं.

"बाळासो," तो म्हणाला. "सोड की रं."

काही नाही.

"आई थांबलीया माजी... तिला औषध द्यायचंय..."

पट्टा आणखी आवळला. वर येणं थांबलं.

बराच वेळ तसाच गेला. किती, ते फारूकला सांगता येत नाही. घड्याळात आठ पस्तीसच होते.

मग फारूक बोलला. डॉक्टरला, पोलिसांना, बाळासोच्या बायकोला, कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

"घाटात म्हणला व्हतास तू. गाडी थांबीव म्हणून." त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. "मी आयकलं व्हतं. मागं ट्रकची रांग व्हती... मला उशीर व्हत व्हता... मी... आयकलं व्हतं मी, बाळासो."

...

कट्.

बटण त्यानं दाबलं नव्हतं. हात तर कधीच खाली पडले होते.

इथं तात्यांनी तांब्यातला आणखी एक घोट घेतला. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, तेवढाच आवाज. माझ्या मांडीवर शेंगांचं ताट होतं आणि मी बराच वेळ त्यातली एकही उचलली नव्हती.

"फुडचं त्याला आठवत न्हाई," तात्या म्हणाले. "डोळं उघाडलं तवा मिस्बाह काचेवर हात मारतीया. फारूक, दरवाजा खोलो, दरवाजा खोलो..."

मलकापूर. घराचं दार. गाडी रोजच्या जागी, भिंतीला लावून, नीट उभी. इंजिन बंद. फारूक चालवायच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर. रात्रीचे अकरा चाळीस. मिस्बाहनं फोन करून करून बोटं दुखवून घेतली होती, त्याच्या फोनवर एकही आलेला नव्हता. अख्तरबीनं त्या रात्री सुनेच्या हातचं औषध घेतलं. पोरगा येत नाही म्हटल्यावर मुकाट्यानं घेतलं.

"ताप चढला असणार डोक्यात," राजवर्धन म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "कुठंतरी कडेला झोपला तीन तास. स्वप्न पडलं. मग उठून तसाच आला, तंद्रीत. होतं असं."

"मी बी त्येच म्हणलो मोहिद्दीनला. तर म्हणला, नाथाजी, घरात ये. फारूकला शर्ट काढाया लावला माज्याम्होरं." तात्यांनी चार बोटं जुळवून दाखवली. "पट्ट्याचा वळ. येवढा रुंद. काळानिळा."

"मग तर झालंच!" राजवर्धन एकदम सैलावला. "जोरात ब्रेक मारला म्हणालात ना? पट्टा करकचून बसतो. वळ उठतोच, तात्या. त्यात भूत कसलं आलंय?"

शिवतेजही हसला. घरात जरा हवा आल्यासारखं झालं. बसल्या बसल्या राजवर्धननं टीव्हीचा रिमोट हातात घेतलासुद्धा.

तीन महिन्यांत मी तात्यांना आपण होऊन काही विचारलं नव्हतं. चहा देऊ का, पाणी देऊ का, एवढंच. पण त्यांनी बोटं दाखवली ती छातीवरून फिरवून दाखवली होती, आणि ती कुठून कुठं गेली ते मी पाहिलं होतं.

"कुठल्या खांद्यावरनं, तात्या?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही नवल वाटलं असावं. 

"डाव्या."

"बरं, मग?" राजवर्धन म्हणाला.

 शिवतेज बसल्या जागी गाडीत बसतो तसा बसला. त्याचा हात पट्टा ओढायला उजव्या खांद्याकडं गेला, कारण चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरूनच येतो. हात तिथंच थांबला. डाव्या खांद्यावरून पट्टा येतो तो शेजारी बसणाऱ्याच्या.

राजवर्धननं रिमोट खाली ठेवला.

"फारूक अजून जातो," तात्या म्हणाले. "सकाळी सहाला. गाडी वाजत न्हाई आता. घाटात न्हाई, कुटंच न्हाई."

त्यांनी घोंगडी बाजूला केली आणि उठले. दारापर्यंत गेले, चपला पायांनी चाचपल्या.

"मोहिद्दीनकडं काल जाऊन आलो. डाव्या खांद्यावरनं उजव्या कमरेपतूर. आज अडतीस दिस झालं." चप्पल पायात गेली. "जरा बी फिका पडला न्हाई त्यो."