बोटक्या आणि भाजलेला वाफा

बोटक्याचं वाचन, दिवस बारावा.
पाणी – पुरेसं. ऊन – भरपूर. बी – चांगलं. जीव – शून्य.

"शून्य म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आत कुणी राहत नाही," बोटक्या म्हणाला आणि त्यानं मातीतून आपलं बोट बाहेर काढलं.

बोटक्या म्हणजे आमच्या शाळेचा माती तपासणारा यंत्रमानव. त्याला हात नाहीत, एकच लांब पोलादी बोट आहे. मी शर्वाणी, इयत्ता सहावी. आमची शाळा सड्यावर आहे, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. इथे खणायला गेलं तर कुदळच बोथट होते. म्हणून मी हट्ट धरला, की जांभ्याचे चिरे रचून सहा मीटर लांबीचा उंच वाफा बांधू आणि गावाजवळ चाललेल्या बोगद्याच्या खोदकामातून निघालेली माती त्यात भरू.

सरपंच मालतीताई घाग म्हणाल्या होत्या, "नव्वद दिवस देते. नव्वदाव्या दिवशी तुझ्या वर्गाला एक वेळची भाजी मिळाली पाहिजे. नाही मिळाली, तर वाफा मोडून तिथे सामान आणणारे ड्रोन उतरवायला ओटा. ड्रोनवाले जागेसाठी मागेच लागलेत."

बारा दिवस झाले आणि पेरलेल्या माठाच्या भाजीचं एक रोप धड उभं नाही. वर कडक पापुद्रा. माझ्या वर्गातला धनराज वाफ्यावर टिचक्या मारत म्हणाला, "वाफा कसला गं, ही तर वीटभट्टी!"

मी रडले नाही. तडक मदत मागायला निघाले.

*

शाळेसमोर परुळेकर आजोबा राहतात. ते मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते. मी त्यांना वाफ्यापाशी घेऊन आले. त्यांनी चिमूटभर माती चोळली, हुंगली आणि विचारलं, "पेरण्याआधी काय केलंस गो?"

"भाजावळ!" मी अभिमानानं सांगितलं. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजतात. पालापाचोळा आणि शेण पसरायचं आणि पेटवायचं. सगळ्यांच्या घरी करतात. गुरुजींना शेजारी उभं करून मीही केलं होतं.

"किती पाचोळा?"

"अकरा पोती. शाळेच्या आवारातला सगळा."

आजोबा वाफ्याच्या कडेवर बसले. "अकरा पोती! मातीचं वर्षभराचं जेवण होतं ते. तू त्याचा धूर केलास."

"पण माझे काका दरवर्षी भाजतात!"

"काकांच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या पीक घेतलंय. वरची दोन बोटं माती भाजली, तरी खाली रहिवासी उरतात. शिवाय तणाचं बी मरतं, राखेतून थोडं खत मिळतं. तुझी माती डोंगराच्या पोटातली. तिथे कुणी राहायला आलेलंच नव्हतं आणि येणाऱ्यांचं अन्न तू जाळलंस."

*

इथे गोष्ट थांबवा. पाण्याचे दोन पेले घ्या. एकात बांधकामाजवळच्या मातीचं वाळलेलं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात जुन्या झाडाखालच्या मातीचं. पाच मिनिटं बघा. ढवळू नका!

आम्हीही तेच केलं. माझ्या वाफ्यातलं ढेकूळ फसकन विरघळलं, पाणी चहासारखं झालं. आजोबांच्या दारच्या फणसाखालचं ढेकूळ मात्र तसंच बसून राहिलं.

"त्याला कोण धरून ठेवतंय?" मी विचारलं.

"जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) आणि बुरशी," आजोबा म्हणाले. "जिवाणू कुजलेला पाला खातात आणि चिकट रस सोडतात. बुरशीचे धागे कणांना बांधतात. त्यातून मातीचे रवे होतात. दोन रव्यांमध्ये फट, फटीत हवा आणि पाणी. मुळं तिथून वाट काढतात. हे जीव नसले, की पाण्यानं सगळे कण एकमेकांना चिकटून बसतात. मग त्याचीच वीट होते."

"म्हणजे मला खत नाही, भाडेकरू हवेत?"

"भाडेकरू हवेत आणि त्यांचं जेवणही."

मग वर्गच कामाला लागला. प्रत्येकानं घरामागच्या खड्ड्यातून मुरलेलं शेणखत आणलं. ते वरच्या वीतभर मातीत मिसळलं. फणसाखालच्या चार ओंजळी माती विरजणासारखी घातली. ओलावा टिकावा म्हणून वर सुक्या पानांचं आच्छादन (पांघरूण) घातलं. धनराजनं सर्वांत जड पाटी उचलली, तोंड मात्र बंद ठेवलं नाही. "काडेपेटी कुणाच्या खिशात नाही ना, बघा रे!"

*

दिवस पंधरा. जीव – शून्य.
दिवस अठरा. जीव – शून्य.
दिवस एकवीस. जीव – थोडे.
दिवस सव्वीस. जीव – मोजतोय.
दिवस तीस. बोटाला कुणीतरी घासून गेलं. याची नोंद कुठल्या रकान्यात करू?

"गांडूळ!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की गुरुजी खडू घेऊनच बाहेर धावत आले.

त्याच दिवशी आम्ही चवळी पेरली. आजोबांनीच सुचवली होती. तिच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र (पानांच्या वाढीला लागणारं मूलद्रव्य) पकडून चवळीला देतात आणि चवळी त्यांना साखर देते. दोघांचंही पोट भरतं.

महिनाभरानं मी एक रोप उपटून गाठ नखानं फोडली. आत गुलाबी!

"गुलाबी म्हणजे कारखाना चालू," आजोबा म्हणाले. "आता पुरे. बाकीची उपटू नकोस."

*

दिवस नव्वद. आम्ही तेवीस जण, बोटक्या आणि मालतीताई.

शेंगा तोडून टोपलीत टाकल्या. बोटक्यानं टोपली बोटाला अडकवून वजन सांगितलं, "चार किलो सातशे ग्रॅम." दुपारी ओलं खोबरं घालून भाजी झाली. प्रत्येकाच्या ताटात वाढून झाल्यावरही कढईत उरली. मालतीताईंनी दोनदा मागून घेतली.

हात धुताहेत तोच त्यांचा फोन वाजला. ड्रोनवाले होते.

"ओटा?" मालतीताई म्हणाल्या. "शाळेच्या गच्चीवर बांधा. खाली जमणार नाही. खाली काम चालू आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मालतीताईंनी वाफ्याकडे पाहिलं, मग बोटक्याकडे. "किती जण कामाला आहेत, म्हणून विचारतायत."

बोटक्यानं मातीत बोट खुपसलं.

"एका चिमटीतच कोट्यवधी आहेत," तो म्हणाला. "बाकीचे मोजायला मला आणखी एक बोट लागेल."

आम्ही तोवर दुसऱ्या वाफ्यासाठी चिरे उचलायला लागलो होतो.